येळ अमावस्येला सगळ्या धर्माच्या मैत्रिणी शेतात बोलवू का?

पत्र:

अक्का, नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यात आमची थोडी जमीन आहे, निम्मा ऊस निम्मी ज्वारी. मुलगी अमेरिकेत असते. तिकडं ती एका युनिटेरियन चर्चमधल्या ग्रुपला जाते, तिथं ख्रिश्चन, ज्यू, हिंदू, कुठलाच धर्म न मानणारे असे सगळे जमतात, गोल करून बसतात, मधी माती, पाणी, दिवा ठेवतात आणि चार दिशांना नमस्कार करून धरतीचे आभार मानतात. ती डिसेंबरात येणार आहे आणि म्हणते, येळ अमावस्येला आपल्या शेतात हेच करूया, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी बोलवूया. एक मुस्लिम, एक जैन, एक लिंगायत, एक खानापूरची कॅथलिक. मला बरं वाटलं. पण सासूबाई म्हणतात चरग, म्हणजे त्या दिवशी पिकात अन्न टाकून पाणी शिंपडायचा विधी, घरचा असतो, त्यात नवीन खूळ नको. दीर म्हणतात, उद्या व्हॉट्सॅपवर कायतरी आलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मुस्लिम मैत्रीण म्हणाली, येते पण हात जोडणार नाही, त्यावरून मुलगी खट्टू झालीय. शिवाय तिला खानापूरच्या एका देवराईत पण असाच एक कार्यक्रम करायचाय. करू का नको, आणि करायचं तर कसं?
– एक शेतकरीण

उत्तर:

ताई, नमस्कार. करा. पण मुलगी म्हणते तसं नको आणि दिरांच्या भीतीनं गुपचूप पण नको. पूजा एक करू नका, जेवण एक करा, आणि जमलं तर काम एक करा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी त्याचा पसारा.

आधी सासूबाई. त्या बरोबर बोलतायत, आणि त्यांना बाजूला सारून काही केलंत तर तो दिवसच नासेल. सकाळी बुट्टी म्हणजे टोपली भरायची, कडबू, सज्जेची म्हणजे बाजरीची भाकरी, भज्जी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगाची होळगी म्हणजे पोळी, तिळाची होळगी, वरून कापड झाकून डोक्यावर घेऊन शेतात जायचं, कडब्याची खोप करून पाच दगडांना चुना फासून पांडव बसवायचे, नैवेद्य दाखवायचा आणि मग एकानं पुढं होऊन ज्वारीतनं चारी बांधांना अन्न टाकत जायचं, दुसऱ्यानं मागनं पाणी शिंपडत. ज्वारी तेव्हा पोटरीत नाहीतर नुकती निसवलेली. जमीन पोटुशी आहे, तिचे डोहाळे पुरवायचे असा तो सगळा भाव, शिगी पुनवेला, म्हणजे कोजागरीला, पण हाच. जिनं जन्मभर पहाटे उठून हा सैपाक केला तिला कुणी येऊन म्हणालं की आता ह्याच्या मधेच मेणबत्ती लावूया आणि हात धरून गोल करूया तर ती चिडणारच की हो, कुणीपण चिडेल. तेव्हा चरग त्यांचा. त्या सांगतील तसा, त्या सांगतील त्या वेळेला, आणि त्यात मुलीनं एक काडी इकडची तिकडं करायची नाही.

पण त्यांना एक आठवण जरूर करून द्या. येळ अमावस्येला बाहेरच्याला शेतात जेवायला बोलवणं हे नवीन खूळ कधीपासून झालं? ज्यांना शेत नाही, जे गावात दुकान चालवतात, शाळेत मास्तर आहेत, बँकेत आहेत, त्यांना मुद्दाम बोलवून बांधावर बसवून पोटभर घालायचं हीच तर ह्या दिवसाची रीत आहे, आणि वाटेनं जाणाऱ्याला पण हाक मारतात, त्याची जात धर्म काय ते कोण विचारत बसतं. मैत्रिणी पाहुण्या म्हणून आल्या आणि बांधावर उभं राहून बघितलं तर चरग काय बाटत नाही. सासूबाईंना असं सांगून बघा, आणि सैपाकात त्यांचा शब्द शेवटचा ठेवा, माझा अंदाज आहे त्या मानतील.

आता मुलगी. तिचा हेतू चांगलाय, पण ती जे तिकडनं उचलून आणतीय ते तिकडं कसं तयार झालं हे तिनं पण जरा बघावं. युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळींनी आपण कुठून कुठून शिकतो त्याच्या यादीत धरतीला मानणाऱ्या परंपरा घातल्या 1995 साली. आणि तिकडं धरतीला मानणारे पाळतात ते वर्षाचे आठ सण, चार दिशा, गोल रिंगण ह्यातलं बरंचसं विसाव्या शतकात इंग्लंडातल्या विक्का ह्या निसर्गपूजक पंथाच्या वगैरे लोकांनी जुन्या गोष्टी जमवून नव्यानं बांधलेलं. नवीन आहे म्हणून खोटं असं मी म्हणत नाही. ज्यांच्या गावातनं असले सण कधीच गेले त्यांनी नव्याने उभे केले, चांगलं केलं. पण तुमच्या गावातनं ते गेलेले नाहीत ना अजून. मग जिथं चालू आहे तिथं त्याच्यावर दुसरं आणून कशाला बसवायचं?

आणि सगळ्यांना एकाच रिंगणात बसवणं तिकडं तरी कुठं सोपं गेलं. विवेकानंद 1892 च्या ऑक्टोबरात बेळगावात होते, भाट्यांच्या घरी आणि मग हरिपद मित्रांकडं, आणि हे मित्र फॉरेस्ट ऑफिसर होते बरं का, मला ही गोष्ट फार आवडते. पुढच्या वर्षी 11 सप्टेंबरला विवेकानंद शिकागोच्या धर्मसभेत बोलले ते सगळ्यांना माहितीय. त्याला शंभर वर्षं झाली म्हणून 1993 ला शिकागोतच परत धर्मसभा भरली, त्यात निसर्गपूजा करणाऱ्या गटांना पण जागा मिळाली, आणि तेवढ्यावरून शिकागोच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चनं अंग काढून घेतलं. एवढ्या मोठ्या सभेत, एवढी तयारी करून. त्याच वर्षी जूनमधी लकोटा ह्या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी एक जाहीरनामा काढला, की आमचे विधी उचलून जे कोण बाजार मांडतायत त्यांच्याविरुद्ध आम्ही युद्ध पुकारतो. शब्दच तसे वापरले त्यांनी. म्हणजे धरतीला मानायचं म्हणून दुसऱ्याचं काय घ्यायचं आणि काय नाही, हा प्रश्न तिकडच्या लोकांनाच सुटलेला नाही, मुलीला म्हणावं हे जरा वाच आणि मग दिव्याचा हट्ट धर. तिला तिचं करायचंच असेल तर संध्याकाळी खोपीपाशी तिनं दिवा लावून बसावं, ज्यांना बसायचं ते बसतील, ते तिचं म्हणून करावं, सगळ्यांचं म्हणून नको.

मुस्लिम मैत्रिणीनं तर तुमच्यावर उपकार केलेत ताई. तिनं आधीच स्पष्ट सांगितलं. ऐनवेळी पांडवांसमोर सगळे वाकलेत आणि ती एकटी ताठ उभी, ह्याच्यापेक्षा हे कितीतरी बरं. अल्लाशिवाय कुणापुढं न वाकणं हा तिच्या धर्माचा पाया आहे, त्यात तुमच्या धरतीचा अपमान कुठं आला? मुलीनं खट्टू व्हायचं कारणच नाही. उलट तिला विचारा की तुझ्याकडं जमिनीबद्दल काय सांगतात. पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात मारून तयम्मुम करून नमाज पढता येतो, सगळी जमीनच मशीद केलीय असं पैगंबरांचं वचन आहे, आणि दुसरं एक आहे ते मला तुमच्या चरगाच्या शेजारी ठेवावंसं वाटतं. कुणी झाड लावलं किंवा पेरलं आणि त्यातलं पाखरानं, माणसानं, जनावरानं खाल्लं तर ते लावणाऱ्याच्या नावावर दान म्हणून जमा होतं. तुमचं चरगाचं अन्न तरी शेवटी कोण खातं, पाखरं, मुंग्या, उंदीर. दोन्हीकडं भूक भागती ती त्यांचीच, आणि त्यासाठी कुणाला कुणाच्या देवापुढं हात जोडायला लागत नाहीत.

इथं एक बारीक गोष्ट जी घोटाळा करते. नैवेद्य दाखवलेलं अन्न बऱ्याच मुस्लिम घरांत खात नाहीत, काही ख्रिश्चन पण खात नाहीत. म्हणून नैवेद्याचं ताट आणि बुट्टी भरायच्या आधी पाहुण्यांचं वेगळ्या डब्यात काढून ठेवा, आणि त्यांना ते आधीच सांगा, कानात नव्हे, साध्या आवाजात. प्रसाद हातावर ठेवायची सवय असते आपल्याला, तो त्या दिवशी ताटलीत ठेवा, ज्याला पाहिजे तो घेईल. दुपारच्या नमाजाला एक झाडलेली जागा, चटई आणि घागरभर पाणी, तिथं चपला नको. जैन मैत्रिणीला कांदा, लसूण, बटाटा, गाजर चालतंय का ते फोनवर विचारून घ्या, आणि भज्जी तिच्यासाठी वेगळी करायला लागली तर करा, तसंही जैन घरांत सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतात म्हणजे तुमचं जेवण दुपारीच असलेलं बरं. लिंगायत मैत्रिणीचं सगळ्यात सोपं असं वाटेल, शेत आणि सण तिचाच की. पण काही घरांत इष्टलिंगाशिवाय दुसऱ्याची पूजा करत नाहीत, पांडवांचे दगड त्यांना पटत नाहीत, विचारलेलं बरं. दासोह, म्हणजे सगळ्यांना जेवू घालणं, म्हटलं तर मात्र पंक्तीत वाढायला ती सगळ्यात पुढं असेल.

खानापूरच्या मैत्रिणीला सांगा येताना नवा तांदूळ घेऊन ये. तिच्याकडं भात कापून झालेलं असणार. कॅथलिक लोकांत नवीन पीक चर्चमधी नेऊन आशीर्वाद घ्यायची रीत आहेच, गोव्यात राय गावात 5 ऑगस्टला कणसाचं फेस्त होतंय, कणसं कापून फादर आशीर्वाद देतात. तेव्हा तिला हे परकं वाटायचं कारण नाही. तिचा तांदूळ, जैन मैत्रिणीच्या शेतातला गूळ, कुणाच्या शेंगा, कुणाची कारळाची चटणी, ज्याच्या त्याच्या मातीतलं काहीतरी ज्याने त्याने आणावं. ह्याला भाषण लागत नाही.

भाषणावरनं आठवलं. ते सर्वधर्म म्हणून स्टेज, माईक, एक टोपी, एक पगडी, एक झगा, प्रत्येकाला पाच मिनिटं, शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, ते कृपा करून नको. मला त्याचा कंटाळा आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे त्यात सगळे आपापल्या धर्माचे प्रतिनिधी होऊन बसतात, मैत्रिणी राहत नाहीत. बेळगावच्या किल्ल्यात 1204 ची कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, 1519 ची साफा मशीद आहे, देवळं आहेत, आश्रम आहे, गाईड लोक सांगतात बघा कसे सगळे धर्म एकत्र. एकत्र म्हणजे शेजारी की. प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

आमच्या भागात हे लोकांना उपजत कळतं असं मला वाटतं. पावसानं ओढ दिली की पोरं डोक्यावर गुर्जी, म्हणजे पावसाच्या देवाची मूर्ती, घेऊन घरोघरी फिरतात आणि बायका वरून पाणी ओततात, मराठी गावांत धोंडी धोंडी पाणी दे म्हणत फिरतात, मुस्लिम लोक उघड्या मैदानात जाऊन पावसाची खास नमाज पढतात, चर्चमधी प्रार्थना होते. एकच आभाळ, पण चला सगळे मिळून गुर्जी काढू असं कुणी म्हणत नाही. आणि उलट बाजूनं, सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूरला एक पण मुस्लिम घर नाही तरी गाव मोहरम करतंय, ते पण कुठल्या समितीनं ठरवून नव्हे. पलीकडं हल्याळ, यल्लापूरच्या जंगलात सिद्दी लोक आहेत, त्यांच्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन तिन्ही आहेत, पण हिरियारू म्हणजे आपले गेलेले वाडवडील, त्यांना तिघे मानतात आणि डमामी हा त्यांचा ढोल वाजला की तिघे नाचतात. तिकडच्या गोलाला हे सगळं दाखवलं तर त्यांना नवल वाटेल.

देवराईचं मात्र स्पष्ट नाही म्हणते. ती जागा तुमची नाही, मुलीची नाही, आणि सुंदर दिसते म्हणून तर अजिबात नाही. देवराईला त्या गावाचे नियम असतात, चप्पल बाहेर, पडलेली काटकी पण उचलायची नाही, कुठं बायकांना आतपर्यंत जाऊ देत नाहीत, कुठं ठराविक दिवशीच जायचं. त्यातले काही नियम मला पण पटत नाहीत, पण ते बदलायचे असतील तर त्या गावच्या बायका बदलतील, बाहेरनं आलेला ग्रुप नव्हे. आणि त्या भागात भीमगडसारखं अभयारण्य पण आहे, तिथं फॉरेस्टची परवानगी हा आणखी वेगळा विषय. मुलीला बघायचीच असेल तर गावातल्या कुणा ओळखीच्या माणसाबरोबर, गावकारांना विचारून, ते नेतील तिथपर्यंत जावं, हात जोडून परत यावं. कार्यक्रम नाही, व्हिडिओ नाही.

आता तुम्ही न विचारलेलं विचारते. शेतात भांगलण कोण करतंय? ऊस कोण तोडतंय? त्या बायकांना बोलवलंय का? पत्रात चार धर्म आले, पण ज्यांचे हात त्या मातीत रोज असतात त्यांचा उल्लेख नाही. येळ अमावस्येला त्यांना जेवायला घालतातच, पण कुठं बसवतात आणि कधी वाढतात ते बघा. मुलीच्या मैत्रिणींच्या पंगतीला, त्याच वेळेला, त्याच चटईवर बसवा, आणि त्या दिवशी त्यांना भांडी घासायला सांगू नका. त्यातली कुणी बौद्ध असेल तर तिला पण पांडवांच्या पाया पडायला लावू नका, तिच्या बावीस प्रतिज्ञा आहेत, जशी तुमची मुस्लिम पाहुणी तशीच ती. निपाणीला 1925 साली डॉ. आंबेडकर परिषदेला आले होते, ह्या भागात हा प्रश्न काय आज आलेला नाही. ताई, मला विचाराल तर धरतीला मान द्यायचा हा भाग सगळ्यात अवघड आहे, आणि ह्याच्यावरूनच सासूबाई आणि दीर दोघांशी तुमचं वाजेल, अमेरिकेच्या दिव्यावरून नव्हे.

दिरांचं भय खोटं नाही. दिवस असे आहेत की चार डोकी वेगवेगळ्या धर्माची एका शेतात दिसली तर कोण काय पसरवेल सांगता येत नाही, धर्मांतर म्हणतील, आणखी काय म्हणतील. म्हणून लपवू नका. दिरांनाच पुढं करा, गावात चार जणांना त्यांनीच सांगावं की पोरीच्या मैत्रिणी जेवायला येतायत, शेजारच्या बांधावरच्यांना पण बोलवा. बॅनर नको. बॅनर लावला की तो मराठीत का, कन्नडमधी का, कोणतं वर कोणतं खाली, आपल्याकडं काय होतंय तुम्हाला मी सांगायला नको. जेवताना ज्याला जे येतं ते बोलेल, अथणीत कोण अर्धं वाक्य मराठी आणि अर्धं कन्नड बोलत नाही? फोटो काढायचे तर विचारून, आणि पाहुण्या घरी पोचल्यावर टाकायचे, तेही त्यांना चालत असतील तर. मुस्लिम मैत्रिणीचा पांडवांच्या दगडाशेजारचा फोटो तर नकोच, तिला तिच्या घरी उत्तर द्यायला लागेल.

काम म्हटलं होतं ते राहिलं. जेवून सुस्ती यायच्या आत ऊसाच्या पाटाकडच्या बांधावर चार झाडं लावा, बन्नी म्हणजे शमी, करंज, कडुनिंब, जे जगेल ते. खड्डे आदल्या दिवशी मालकांकडून काढून घ्या नाहीतर त्या उन्हात कुणाच्याने होणार नाही. पाटाचं पाणी मिळेल अशीच जागा धरा, डिसेंबर जानेवारीत लावलेलं रोप पाण्याबिगर जळून जातंय. मंत्र, दुवा, प्रार्थना, ज्याला जे मनात म्हणायचं ते रोप धरून म्हणेल, कुणाला ऐकवायची गरज नाही.

आणि अमावस्या कधी डिसेंबरात येते कधी जानेवारीत, मुलीचं परतीचं तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर बघा. मैत्रिणींना आत्ताच कळवा, नोकरीवाल्यांना रजा टाकायला लागती, आणि खानापूरवरून अथणी म्हणजे बसनं अर्धा दिवस जातोय तेव्हा तिची आदल्या रात्रीची झोपायची सोय तुमच्याकडंच करा.